एकटा बोंबील टांगून दाखव

"नीट बघा, तिकीट न्हाय!"

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, कुणीतरी नाखविणीकडे तिरक्या नजरेनं बघितलंय. ती डोक्यावरची टोपली खाली ठेवायची, दोन्ही हात कमरेवर घ्यायची आणि बघणाऱ्यासमोर सावकाश एक गिरकी मारायची. पुढून, बाजूनं, मागून, सगळं दाखवून झालं की वरचं वाक्य. तोपर्यंत बघणारा चौलच्या रस्त्याला लागलेला असायचा.

मी थापा मारतो असं गावात म्हणतात. मारतो. पण नाखविणीच्या आवाजाबद्दल मी जे सांगतो ते कमी करून सांगतो. ती इकडे ओरडली की खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्यावर चरणाऱ्या शेळ्या माना वर करायच्या. कोर्लईत काही घरांतून अजून पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली बोलतात. ती आपल्याला ओ की ठो कळत नाही, पण नाखविणीच्या दोन-चार शिव्या त्यांनी जशाच्या तशा त्या बोलीत घेतल्यात, असं मी खात्रीच्या माणसाकडून ऐकलंय. खात्रीचा माणूस म्हणजे मीच.

माझा धंदा बर्फाचा. किनाऱ्याला लागून बर्फाचा कारखाना आहे, तिथे लाद्या फोडायच्या यंत्रावर मी उभा असतो. बोट दर्यावर निघायची तर बर्फ हवा, मासळी बाजाराला धाडायची तर बर्फ हवा. त्यामुळे कोळीवाड्यातली कुठलीही बातमी आधी माझ्याकडे येते, थंड होते आणि मग पुढे जाते. कारखान्याच्या दारासमोरच नाखविणीची वलांडी होती. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर दोर ताणलेले असतात ती बोंबील वाळवायची मांडणी. दार उघडलं की ती समोर. मग सांगा, तिला माझ्याइतकी कोण ओळखणार?

तिचा नवरा नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, भला माणूस होता. इतक्या वादळांतून परत आला आणि एका दुपारी घरी जेवता जेवता गेला. कोळीवाड्यातल्या बायांनी रीतीप्रमाणे तिच्या बांगड्या उतरवल्या, अंबाड्यातली वेणी काढली. त्या दिवसापासून नाखविणीचा आवाज बंद. किनारा इतका शांत झाला की मला माझ्या यंत्राचा आवाज ऐकू यायला लागला आणि मी तेल घालायला माणूस बोलावला. शेळ्यांचंही काहीतरी बिघडलं असावं.

मग तिच्या बोटीचं इंजिन बिघडलं.

ते बघायला दिघीहून एक मेस्त्री बोलावला. दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला यायचं, तिथून मुरूडवरून इकडे. इतका खटाटोप करून जो माणूस उतरला तो म्हणजे पांढऱ्या मिश्या, तेलकट सदरा आणि खांद्यावर फडका. बायको वारून बरीच वर्षं झालेली. बोलणं जवळपास नाहीच. नाखविणीचा मुलगा हरेश त्याला इंजिनाची सगळी कुंडली सांगत होता. सगळं ऐकून मेस्त्री म्हणाला, "बघतो."

एवढंच. सबंध सकाळभर तो माणूस तेवढंच बोलला. जेवणार का? बघतो. चहा? बघतो. मी विचारलं, मेस्त्री, पाऊस येईल का? त्यानं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "बघतो." जणू तेही तोच दुरुस्त करणार होता.

दुपारी एक सुटा भाग अलिबागहून यायचा होता, तोपर्यंत मेस्त्री रिकामा बसला. नाखविणीला रिकामा माणूस बघवत नसे. तिनं तोंड न उघडता एक टोपली त्याच्यासमोर सरकवली. ओल्या बोंबलांची. मेस्त्रीनं टोपली बघितली, वलांडी बघितली आणि कामाला लागला.

मंडळी, दिघीत इंजिनं उत्तम दुरुस्त होत असतील. पण या माणसानं काय केलं? एकेक बोंबील उचलला आणि दोरावर मधोमध घडी घालून टाकला. गॅरेजमध्ये फडकी वाळत घालतात तसा! सगळी टोपली नेटकी टांगून तो दोन पावलं मागे सरला, आणि दर्यावरून एक झुळूक आली. लहानशीच. सगळेच्या सगळे बोंबील सर्रकन घसरून वाळूत. मांजरांना तर देवच पावला. कुठून आली कोण जाणे, मुरूडपर्यंतची मांजरं त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर होती.

सगळा किनारा हसला. आणि त्या हसण्यात एक हसणं असं आलं की माझ्या हातातली लादी निसटली. नाखवीण हसत होती. नाखवा गेल्यापासून पहिल्यांदा. पोटाला धरून, वाळूत बसून.

"अरं मेस्त्री," ती म्हणाली, आणि खाडीपलीकडे शेळ्यांनी माना वर केल्या, "बोंबील एकटा टांगतात व्हय? हिकडं ये. दोन घे हातात. आता याचा जबडा उघड, त्याचा जबडा त्यात अडकव. दात दातात बसू दे. हां. आता एकाला दोराच्या हिकडं सोड, एकाला तिकडं. वारा येऊ दे न्हायतर वादल. पडायचे न्हाय."

मेस्त्रीनं जोडी टांगली. वाऱ्यावर ती हलली, पडली नाही. त्यानं विचारलं, "चावतात का एकमेकांना?"

"मेल्यावर कसले चावतात? जिते हायत तवर चावून घ्यायचं!"

मेस्त्री लाजला. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मिशीमुळे नीट दिसलं नाही.

त्या मोसमात त्या इंजिनाला जेवढे आजार झाले तेवढे जिल्ह्याच्या इस्पितळात झाले नसतील. आज पंप, उद्या पट्टा, परवा नुसताच "आवाज येतो." बोट हाकणारा तांडेल मला म्हणाला, "इंजिन घोड्यासारखं पलतंय, आवाज कुठला?" मी म्हटलं, "तुला ऐकू येत नाही, नाखविणीला येतो. तू गप बर्फ भर." मेस्त्री यायचा, इंजिनाकडे एकदा नमस्कार केल्यासारखं बघायचा आणि वलांडीखाली येऊन बसायचा. दोघं समोरासमोर, मधे टोपली. ती बोलायची, तो जोड्या लावायचा. ती नाखव्याच्या आठवणी सांगायची, त्याच्या नावानं भांडायची, त्याला शिव्या द्यायची, रडायची. मेस्त्री मान डोलवायचा.

टोपली संपता संपता कधी कधी एक बोंबील उरे. जोडीला दुसरा नाही. तो ती माझ्या दारात आणून टाकायची. "घे रं, तुजा भाऊबंद." मी लग्न केलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो भाऊबंद मी निखाऱ्यावर भाजून खायचो.

एकदा मी विचारलंच. "नाखवीणबाय, हे काय चाललंय?"

"दोस्ती हाय," ती म्हणाली. "नवरा मना नको. नवरा होता, चांगला होता. मना बोलायला मानूस पायजे."

"पण मेस्त्री तर बोलतच नाही!"

"म्हनून तर! माजं सगलं ऐकतो. तू ऐकतोस? तू तर माजं वाक्य संपायच्या आधी त्याला शेपूट लावून गावभर फिरवतोस."

पुढे एका सकाळी ती केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. अबोलीची वेणी. "ही लादीवर ठेव. ताजी रायली पायजे. तो दुपारच्या गाडीनं येतो."

मी त्या पानाकडे बघत राहिलो. ती कमरेवर हात घेऊन उभी राहिली. "काय रं? नीट बघ, तिकीट न्हाय."

मी ठेवली. माझ्या आयुष्यात मी बर्फावर सुरमई ठेवली, कोळंबी ठेवली, एकदा एका पुढाऱ्याच्या भाषणासाठी थंड पेयाच्या बाटल्या ठेवल्या. पण ती वेणी ठेवताना मी लादी आधी धुऊन घेतली. दुपारी नाखवीण वेणी माळून वलांडीखाली बसली तेव्हा कोळीवाड्यातल्या निम्म्या बायांना तिकडून जायचं काम निघालं. उरलेल्या निम्म्या आधीच तिथे होत्या.

बातमी पाटलाकडे पोचली. पाटील म्हणजे कोळीवाड्याचा म्होरक्या. गावकीची बैठक त्याच्या शब्दावर भरते, आणि किनाऱ्यावर कुणाची वलांडी कुठे, हे गावकी ठरवते. बैठक देवळासमोर भरली. मी बर्फवाला, गावकीत माझं काय काम? पण मी थंड पाण्याचं पिंप घेऊन गेलो. पाणी कुणी नको म्हणत नाही.

पाटील म्हणाला, "वहिनी, जागा नाखव्याच्या घरची हाय. त्याच्या नावानं रायलीस तर जलमभर तुजी. दुसऱ्याचं घर केलंस, तर जागा सोड."

हरेश खाली मान घालून बसलेला. "आये," तो हळूच म्हणाला, "लोक मना बंदरावर चिडवतात. या वयात..."

"लोक तुजं जालं ओढायला येतात काय?" नाखवीण म्हणाली. "बोट पायजे तुना? घे. बापाची बोट हाय, पोराला गेली. पन वलांडीची जागा मी घामानं राखली. पावसाल्यात बांबू वाहून गेले तवा मी रोवले. ती मी सोडायची न्हाय. आनी पाटील, एक सांगा. तुमची पयली बायको गेली, तिचं वर्ससुदा भरलं नव्हतं, तुमी दुसरी आनली. तुमची वलांडी कोनी काढली?"

बैठकीतल्या तिघा-चौघांना एकदम तहान लागली आणि ते माझ्या पिंपाकडे वळले. पाटील म्हणाला, "बाप्याची गोष्ट निराली."

"निराली कशी? बरं, चला."

"कुठं?"

"वलांडीवर. सगली चला. पाटील, तुमी मना एकटा बोंबील टांगून दाखवा. एकच. उन्हं कलेपर्यंत टिकला, तर मी मेस्त्रीला दिघीला परत धाडते आनी जागाबी सोडते. आनी न्हाय टिकला, तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाय."

आता विचार करा, पाटील कोळ्याच्या पोटी जन्मलेला. नकार द्यावा तर बोंबलाला घाबरला म्हणतील. सगळी बैठक वलांडीवर आली. पाटलानं बाह्या सारल्या आणि एक बोंबील घेतला. घडी घालून टाकला तर घसरला. जबडा काथ्याच्या दोरात अडकवला. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी. वारा आला, जबडा दोरात राहिला आणि बोंबील वाळूत. पाटलाचा भाऊ धावत घरी गेला आणि कपड्यांचा चिमटा घेऊन आला. चिमट्यानं मुंडकं धरलं, धड गेलं. कुणी म्हणालं, शेपटीला दोरा बांधा. बांधला. दोरा सुरीसारखा आरपार. मग जो तो शहाणपण सांगायला लागला. हयात दर्यावर काढलेले बाप्ये एकेक बोंबील हातात घेऊन दोराला मिठ्या मारत होते! कुणी सुतळी आणली, कुणी गळाचा आकडा आणला, एकानं तर मोबाइलची वायर आणली. मांजरांनी रांग लावली होती, हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं तर त्यांनी पंगत मांडली होती.

आणि गर्दीतून एक बाई खळखळून हसली. पाटलाची दुसरी बायको. तिचं हसू इतर बायांना लागलं, आणि मग कुणाला आवरेना.

मेस्त्री हे सगळं बोटीच्या सावलीत उभा राहून बघत होता. नाखविणीनं त्याला हाक मारली. तो आला. दोघांनी एकेक बोंबील उचलला, तिनं आपला जबडा उघडून धरला, म्हणजे बोंबलाचा, त्यानं दुसरा त्यात अडकवला आणि जोडी दोरावर सोडली.

"बघा," ती म्हणाली. "नीट बघा, तिकीट न्हाय."

पाटील म्हणाला, "पुन्यांदा बैठक घेऊ." ती बैठक काही भरली नाही. पण विषय संपला असंही तो कधी म्हणाला नाही. पाटलाची जात ती.

दोस्तीचं शेवटी लग्नच झालं, पालीला, गणपतीसमोर. हार रात्रभर माझ्या लादीवर ठेवलेले. मी जरा जास्तच काळजी घेतली असावी, कारण नाखविणीनं हार घातला तेव्हा मेस्त्रीला अशी हुडहुडी भरली की पुजाऱ्यानं विचारलं, "मुलावर जबरदस्ती नाही ना?" मेस्त्री दात वाजवत म्हणाला, "ब-बघतो." नाखवीण हसून हसून मंडपाच्या खांबाला टेकली.

दिघीहून येताना मेस्त्रीनं हत्यारांच्या पेटीबरोबर आपल्या पहिल्या बायकोची तसबीर आणली होती. कुठे ठेवावी म्हणून तो दारात घुटमळत होता. नाखविणीनं ती हातातून घेतली आणि नाखव्याच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकला. "ऱ्हाऊ दे. त्यांनाबी सोबत. दोघं आपल्याला हसत बसतील."

हरेश मात्र लग्नाला आला नाही. त्यानं बोट घेतली आणि आपली वेगळी वलांडी पार किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला रोवली. मायलेकरांची गाठ पडायची ती बंदरावर, लिलावात. हरेशच्या बोटीची मासळी आली की नाखवीण पहिल्यांदा बोली लावणार आणि शेवटपर्यंत सोडणार नाही. व्यापारी कंटाळून गप्प व्हायचे. मग हरेश तिच्याकडे न बघता म्हणायचा, "सुटली." तेवढाच त्यांच्यातला शब्द. मी तिला म्हटलं, "अगं, बाजारात याहून स्वस्त मिळतो बोंबील." तर म्हणाली, "बोंबील कोन घेतंय? पोराचा आवाज घेते."

असे त्यांचे मोसम गेले. दुपारी वलांडीखाली ती दोघं, मधे टोपली, तिच्या अंबाड्यात माझ्या बर्फावरची फुलं. येणारेजाणारे बघेनासे झाले. याचा तिला थोडा रागच आला असावा. "आता कोन बघतपन न्हाय," ती एकदा कुरकुरली. मेस्त्री म्हणाला, "मी बघतो." बोंबलांच्या चावण्याचा तो प्रश्न सोडला, तर त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. ती त्या दिवशी टोपली संपेपर्यंत गप्प होती. विश्वास ठेवू नका हवं तर, पण मी समोर होतो.

मग एका पहाटे ती उठलीच नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. काही पाहुणे मुंबईहून यायचे होते, म्हणून माझ्याकडच्या लाद्या तिच्या घरी गेल्या. मी स्वतः घेऊन गेलो. जाताना बाजारातून अबोलीची वेणी घेतली. बाया म्हणाल्या, सवाशीण गेली, माळा. त्यांच्यात पाटलाची बायको सगळ्यात पुढे होती. हरेशनं अग्नी दिला. मेस्त्री त्याच्या मागे उभा होता.

कार्य उरकलं. मेस्त्री आता दिघीला जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याची हत्यारांची पेटी कुणीतरी ओसरीवर आणूनही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याचं दार उघडलं तर समोर वलांडीखाली मेस्त्री. टोपली घेऊन बसलेला. बंदरावर जाऊन, हाताचं बोट वर करून, मुकाट्यानं बोली लावून त्यानं हरेशचे बोंबील घेतले होते. थोड्या वेळानं पाटील आला. सोबत दोन माणसं, मोजायला बांबू.

पाटील खाकरला. "मेस्त्री, मानूस चांगली होती. पन जागा तिची होती. आता ती न्हाय. तुमी भायेरचे. तवा गावकी..."

मेस्त्रीनं हातातली जोडी दोरावर टाकली. उठला. खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. ते हात कमरेवर ठेवले. आणि मंडळी, त्या म्हाताऱ्यानं, तेलकट सदऱ्यात, पाटलासमोर सावकाश एक गिरकी मारली. पुढून, बाजूनं, मागून.

"नीट बघा," तो म्हणाला. "तिकीट नाही."

आवाज अगदी बारीक. पण खाडीपलीकडे शेळ्यांनी माना वर केल्या, हे मी शपथेवर सांगतो.

पाटील काही बोलणार, एवढ्यात किनाऱ्याच्या त्या टोकाकडून हरेश येताना दिसला. डोक्यावर टोपली. तो पाटलाच्या आणि बांबूच्या मधून सरळ आत आला, आई बसायची तिथे बसला, टोपली खाली ठेवली आणि एक जोडी लावली. मग दुसरी. मेस्त्रीही खाली बसला. दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही.

पाटलानं वलांडीकडे, मग आभाळाकडे बघितलं. "वारा बरा हाय आज," असं काहीसं म्हणाला आणि बांबू घेऊन गेला.

दुपार झाली. दोन्ही टोपल्या संपत आल्या. हरेशच्या टोपलीत शेवटी एक बोंबील उरला. मेस्त्रीच्या टोपलीतही एक. हरेशनं आपला उचलला आणि आईच्या सवयीनं माझ्या दाराकडे बघितलं. मेस्त्रीनं हात पुढे केला. हरेशनं दिला. मेस्त्रीनं दोघांचे जबडे एकमेकांत अडकवले, दात बसले का ते अंगठ्यानं चाचपलं आणि ती जोडी दोराच्या अगदी टोकाला सोडली.

मी दारातून ओरडलो, "अहो मेस्त्री! आणि माझा?"

"बघतो," मेस्त्री म्हणाला.